जिंबल मेला, आत्याचं डोकं गेलं: रिझॉल्व्हच्या स्टॅबिलायझरसोबत सहा महिने

पौषात पालीच्या खंडोबाच्या यात्रेला निघायच्या आदल्या दिवशी जिंबलची, म्हणजे कॅमेरा हलू न देणाऱ्या दांड्याची, मोटर बसली. साताऱ्यातल्या दुकानदाराने उलटासुलटा करून पाहिला नि म्हणाला, "दुरुस्त होत नाय, नवा घ्या." दोन वर्षांत नवा? आमच्या घरात मिक्सर सोळा वर्षं चालतो. यात्रा हातानेच शूट केली आणि डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत हादरे काढणारं स्टॅबिलाइझ बटण दाबलं. चालण्याचे हिसके गायब! व्हॉट्सॲपवर टाकलं, तर आत्याचा फोन: "का रं, पदर तेवढा दिसतोय. माझं डोकं कुठं ठिवलंस?"

सगळं भांडण या क्रॉपशी, म्हणजे कडा कापण्याशी. हादरा काढायला सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम उलट दिशेला सरकवतं, कडा उघड्या पडतात आणि त्या झाकायला झूम होतो. हात जेवढा हलला, तेवढी कापाकापी. किती कापू द्यायचं ते ठरवणारा क्रॉपिंग रेशो १ वर, म्हणजे कापाकापी शून्यावर नेला तर काहीच स्थिर होत नाही, खाली आणावा तसं स्थिर होतं आणि डोकी उडतात. बरं, आकडा बदलला की पुन्हा स्टॅबिलाइझ दाबा. माझ्या लॅपटॉपवर तेवढ्यात चहा उकळून होतो. महिनाभर याच एका आकड्याला शिव्या घातल्या.

त्यात भंडारा. सॉफ्टवेअर चित्रातले ठिपके धरून हालचाल मोजतं. 'येळकोट येळकोट' झालं की ठिपके उधळलेल्या भंडाऱ्यावर आणि गर्दीवर बसतात, मागचं देऊळ पाण्यातल्या सावलीसारखं लचकतं. चित्र तिरकं ताणणारा पर्स्पेक्टिव्ह मोड सोडून नुसतं सरकवणारा, फिरवणारा नि झूम करणारा सिमिलॅरिटी मोड घेतला, तेव्हा कुठे देऊळ जागेवर आलं.

शिव्या आता परत घेतो, चूक माझीच होती. हल्ली ४के मध्ये शूट करतो, डोक्यावर भरपूर जागा सोडतो आणि टाइमलाइन, म्हणजे तयार व्हिडिओची चौकट, १०८०पी ठेवतो. लांबी-रुंदीत दुप्पट पिक्सेल हाताशी असतात, थोडं कापलं तरी कळत नाही. कार्ड मात्र भसाभस भरतं. उन्हात शटर १/२०० सेकंदापेक्षा वेगवान ठेवतो. संध्याकाळी शटर मंदावलं की हात हलल्याचा धूसरपणा फ्रेममध्येच उतरतो. चित्र स्थिर, पण मधूनच पुसट. त्यावर इलाज नाही.

आत्याचा शॉट मुळातच १०८०पी, जवळून घेतलेला. शेवटी स्टॅबिलायझर काढून हलता तसाच पाठवला.

"आता दिसतंय," म्हणाली, "पण डोळं फिरलं की रं."