सांगलीत ‘सिरॅमिक कोटिंग’च्या नावाखाली झालेली फसवणूक: पैसे भरण्याआधी एवढं वाचा

गाडी काळी, गडद निळी किंवा लाल असेल आणि वॉशिंग सेंटरचा मालक बॉनेटवर मोबाइलची टॉर्च मारून “सर, बघा किती चरे पडलेत, कोटिंग करून घ्या” म्हणत असेल, तर तिथं एक रुपयाही देऊ नका. (कोटिंग म्हणजे गाडीच्या रंगावर लावायचा, वाळून पक्का होणारा संरक्षक थर.) आधी त्याची पोरं गाडी कशानं पुसतात ते बघा. आमचे अठरा हजार रुपये गेले आणि रंगाचा जो थर घासला गेला, तो आता कुणालाच परत आणता येणार नाही.

आमची काळी गाडी सांगली-मिरज रस्त्याकडच्या एका सेंटरमध्ये धुवायला जायची. फोम, प्रेशरचं पाणी, सगळं नीट. घोळ व्हायचा तो पुसताना. जे फडकं दरवाज्याच्या खाचेतून आणि उंबऱ्यावरून फिरायचं, तेच पिळून बॉनेटवर गोल गोल घासलं जायचं. उसाच्या हंगामात आपल्याकडे साखर कारखान्यांच्या धुराड्यांची काजळी पडते, त्यात रस्त्याची वाळू. तो कण फडक्यात अडकला की प्रत्येक फेरीला रंगावर एक बारीक चरा उठतो. सावलीत काही दिसत नाही. उन्हात धरली की कोळ्याच्या जाळ्यासारखं चमकतं. म्हणजे चरे पाडायचे यांनी आणि ते काढायचे पैसेही यांनीच घ्यायचे. राग त्याचाच येतो.

मालकानं सांगितलं ते असं: “जर्मन माल आहे सर, नाइन एच, तीन वर्षं वॉरंटी. पाणी थांबणारच नाही, पुसायचीसुद्धा गरज नाही.” सकाळी गाडी घेतली, संध्याकाळी दिली. ट्यूबलाइटखाली आरशासारखी दिसत होती आणि “उद्यापासून धुतली तरी चालेल” असंही म्हणाला.

खरं कोटिंग असं होत नाही. आधी रंगात रुतलेली घाण काढावी लागते, मग चरे मशीननं कमी करावे लागतात, मग पॉलिशचं तेल पूर्ण पुसून काढावं लागतं आणि त्यानंतर कोटिंग लागतं. ते पक्कं व्हायला वेळ लागतो; साधारण आठवडाभर शाम्पूनं धुवू नका असं सांगतात. ‘नाइन एच’ हा पेन्सिलनं ओरखडून बघायच्या चाचणीतला आकडा आहे. त्यानं खडा लागून उडणारा रंग वाचत नाही आणि घाणेरड्या फडक्याचे चरेही थांबत नाहीत. पाण्याचे थेंब गोल होऊन ओघळतात हाही पुरावा नव्हे, साध्या वॅक्सनंही तेच होतं.

पावसाळा सरता सरता बॉनेटवरचे चरे जसेच्या तसे वर आले. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, “तुमच्या बोअरच्या पाण्यानं कोटिंग गेलं.” वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात पाण्याचे डाग वॉरंटीत नाहीत, दर तीन महिन्यांनी त्यांच्याकडेच पैसे भरून मेंटेनन्स हवा, असं सगळं होतं. कोटिंगचं नाव किंवा बॅच नंबर मात्र कुठंच नव्हता.

वडिलांच्या ओळखीचे मिरजेतले एक पेंटरकाका आहेत. त्यांनी डिकीच्या अजून चमकणाऱ्या भागावर तळहाताएवढी जागा निम्मं पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली. तेवढ्याच चौकोनात चरे उघडे पडले. “कोटिंग न्हाईच हे, नुसतं भरून दिलंय,” काका म्हणाले. ग्लेझ नावाचं तेलकट पॉलिश असतं, ते चऱ्यांत भरून बसतं आणि थोड्या धुण्यांत निघून जातं. खरं कोटिंग असं एका पुसण्यात जात नाही. मग त्यांनी रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं: टपावर ११० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास आणि बॉनेटवर जेमतेम ८०. वरचा पारदर्शक थर मुळात साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो. बॉनेटवर रबिंगचं मशीन किती निर्दयपणे चालवलं असेल ते यावरून समजा.

आता आम्ही गाडी घरीच धुतो. ऊन उतरल्यावर, बॉनेट हाताला गार लागल्यावर. शेवटी पाइपचं तोंड न दाबता टपावरून संथ पाणी सोडलं की बरंचसं पाणी स्वतःच ओघळून जातं. उरलेल्यावर जाड, ५०० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) वरचा मायक्रोफायबर, म्हणजे बारीक धाग्यांचा मऊ टॉवेल, पसरायचा आणि अलगद ओढायचा किंवा टिपायचा; घासायचं नाही. आधी टप आणि काचा, मग बॉनेट, दरवाज्यांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी. खाचांना आणि चाकांना वेगळं फडकं. हातातून जमिनीवर पडलं की ते फडकं बाजूला, मग कितीही स्वच्छ दिसो. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुवू नका आणि कंफर्टसारखं काही घालू नका, त्याची पाणी शोषायची ताकद जाते. आरशामागून आणि नंबरप्लेटखालून पाणी नंतरही गळतं, तिथं पुन्हा एकदा टिपावं लागतं. आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, थेंब उन्हात वाळला की पांढरा डाग पडलाच. डाग ताजा असेल तर पांढरा व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून हलकेच पुसायचा आणि लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं. रंगात उतरलेला डाग मात्र यानं जात नाही.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. तिथं तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. आमच्याकडे पक्कं बिल नाही, सेंटरच्या मालकानं कागदावर आकडा लिहून दिला होता. पण यूपीआयची नोंद, वॉरंटी कार्ड आणि व्हॉट्सअॅपवरचं ‘तीन वर्षं गॅरंटी’ हे वाक्य जपून ठेवलं आहे.

तुमच्याकडेही असं कार्ड असेल तर अल्कोहोलची चाचणी सावलीत, गार पत्र्यावर करा. नुकत्याच रंगवलेल्या भागावर नको. चरे उघडे पडताना दिवसाउजेडी व्हिडिओ काढा आणि मगच मालकाशी बोला. आम्ही गेलो तेव्हा त्यानं “चला, फुकटात परत मारून देतो” म्हणत मशीन काढलं होतं. मारू दिलं असतं तर पुरावाही गेला असता आणि बॉनेटचा उरलासुरला थरही.