काळ्या दगडावरची अरबी: आठ रविवारांच्या एका अभ्यासवर्गाविषयी

छत्रपती संभाजीनगरातील एका खाजगी संस्थेने 'प्राचीन अरबी शिलालेख आणि अरबी भाषेचा प्रारंभ' या विषयावर आठ रविवारांचा अभ्यासवर्ग नुकताच घेतला. शुल्क २,४०० रुपये होते आणि त्यात छापील पुस्तिका, सरावाचे कागद व दोन वेळचा चहा समाविष्ट होता. मी जालन्याहून सकाळच्या गाडीने येऊन आठही वर्ग पूर्ण केले. मोडी कागदपत्रे वाचण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, उर्दू अडखळत वाचतो आणि अरबी मला येत नाही. हे आधीच सांगितलेले बरे, कारण ज्याचे अरबी पक्के आहे त्याला यातील काही भाग प्राथमिक वाटण्याचा संभव आहे.

अरब नावाचे लोक, अरबी नावाची भाषा आणि आज आपण जिला अरबी म्हणतो ती लिपी, या तीन गोष्टींचा इतिहास एक नाही, हे या वर्गाने दगड समोर ठेवून पटवून दिले आणि माझ्या मते शुल्क तेवढ्यानेच वसूल झाले. पहिल्याच दिवशी असुरी राजा तिसरा शाल्मनेसर याचा कुर्ख येथील शिलास्तंभ दाखवण्यात आला. इसवी सनपूर्व ८५३ मधील कर्करच्या लढाईत आपल्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या राजांची यादी त्यावर आहे आणि तीत 'अरब गिंदिबू' याच्या नावापुढे १,००० उंट नोंदवलेले आहेत. 'अरब' या नावाचा हा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख मानला जातो. गिंदिबू हे नाव अरबीतील 'जुन्दुब', म्हणजे नाकतोडा, या शब्दाशी जोडले जाते, हे ऐकून वर्गात थोडी करमणूक झाली. पण हा लेख अक्कादी भाषेत आणि कीलाकार लिपीत आहे, म्हणजे अरबाचे नाव आले तेव्हा अरबी भाषा आणि अरबी लिपी दोन्ही त्या दगडावर नव्हत्या, ही गोष्ट सरांनी फळ्यावर लिहून ठेवली आणि पुढील सात रविवार ती पुसली नाही. निजामी राजवटीतील एकाच कागदावर वर उर्दू आणि खाली मोडी पाहिलेल्या मराठवाड्यातील वाचकाला हा भेद समजावा लागत नाही, त्याची फक्त आठवण करून द्यावी लागते.

दुसरा आणि तिसरा रविवार सफाइतिक लेखांना दिला होता. मला विचाराल तर सर्वांत उत्तम भाग हाच. दक्षिण सीरिया, ईशान्य जॉर्डन आणि सौदी अरेबियाचा उत्तर भाग व्यापणाऱ्या 'हर्रा' नावाच्या ज्वालामुखीजन्य वाळवंटात पशुपालकांनी काळ्या खडकांवर कोरलेले हे लेख आहेत. त्यांची नोंदलेली संख्या ३०,००० हून अधिक आहे आणि त्यांचा काळ साधारणतः इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या चौथ्या शतकापर्यंतचा धरला जातो. राजाची आज्ञा नाही, दानपत्र नाही. 'अमक्याचा, जो अमक्याचा मुलगा, जो अमक्याचा मुलगा' अशी कधी आठ-दहा पिढ्यांची वंशावळ, आणि मग उंट चारल्याचे, पावसाची वाट पाहिल्याचे, मेलेल्या सोबत्यासाठी शोक केल्याचे एखादे वाक्य. लेखाचा आरंभ 'ल' या अक्षराने होतो, त्याचा अर्थ 'चा' किंवा 'कडून' असा घेतला जातो. शेवटी अल्लात किंवा रुदौ या देवतेकडे क्षेम मागितलेले असते आणि पुष्कळदा जो हा लेख खरवडील तो आंधळा होवो असा शाप असतो. आपल्याकडच्या गधेगाळीचा शाप अधिक असभ्य असला तरी हेतू तोच, हे माझ्या शेजारी बसलेल्या बीडच्या गृहस्थांनी हळूच सांगितले आणि ते मला पटले.

या भागात सरांनी एक युक्ती केली होती. हर्राचा खडक बेसॉल्ट आहे आणि मराठवाड्याची भूमीही बेसॉल्टची. शेताच्या बांधावर वर्षानुवर्षे पडून वरून गडद झालेले काही काळे दगड त्यांनी आणले होते, आणि प्रत्येकाला एक टोकदार दगडाची कपची देऊन आपले नाव सफाइतिक अक्षरांत कोरायला सांगितले. वरचा गडद थर खरवडला की खालचा फिकट राखाडी रंग दिसतो आणि अक्षर उमटते. छिन्नी-हातोडा लागत नाही. मला 'ल' आणि पुढची चार अक्षरे काढायला पाऊण तास लागला, दोनदा कपची घसरली आणि एक अक्षर भलत्याच अक्षरासारखे दिसू लागले. ज्याने दहा पिढ्यांची नावे कोरली त्याच्याकडे वेळ किती होता आणि हात किती सरावलेला होता, हे त्या पाऊण तासात कळले. यातील शब्द सुटे लिहिलेले नसतात, स्वर लिहीत नाहीत आणि ओळ कोणत्याही दिशेने धावते. अखंड ओळीतून शब्द फोडण्याची मोडीतील सवय येथे उपयोगी पडली, पण ओळ वळून खालून वर जाऊ लागली तेव्हा तीही संपली.

लेखांची भाषा अरबीच का म्हणायची, या प्रश्नावर झालेली चर्चा मात्र मला थोडी घाईची वाटली. उंटाच्या चित्राशेजारी 'ह-बक्रत', म्हणजे 'ही तरुण सांडणी', असे लिहिलेले आढळते. आजच्या अरबीत जेथे 'अल' हे निश्चयवाचक उपपद येते तेथे या लेखांत बहुधा 'ह' येतो. एकेकाळी एवढ्यावरूनच ही भाषा अरबीहून वेगळी ठरवली जात असे. भाषेचे नाते एका उपपदावरून न ठरवता क्रियापदांची रूपे, अव्यये आणि शब्दसंग्रह एकत्र पाहून ठरवावे, या विचाराने अलीकडे तिला जुन्या अरबीच्या कक्षेत घेणारे मत बळकट झाले आहे. हा युक्तिवाद उदाहरणांसह उलगडायला हवा होता. तो पंधरा मिनिटांत आटोपला.

चौथ्या रविवारी नमारा येथील लेख आला. दक्षिण सीरियातील हा बेसॉल्टचा दगड १९०१ मध्ये दुसो आणि माक्लेर या फ्रेंच अभ्यासकांना सापडला आणि आता तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. लेखात पाच ओळी आहेत. लिपी नबाती, म्हणजे पेट्रा राजधानी असलेल्या नबाती राज्याची, आणि भाषा अरबी. शेवटी २२३ हे वर्ष दिले आहे. रोमनांनी नबाती राज्य इसवी सन १०६ मध्ये खालसा करून जो प्रांत केला त्याच्या कालगणनेचे हे वर्ष, म्हणजे इसवी सन ३२८. पहिल्या ओळीचा आरंभ असा वाचला जातो: 'ती नफ्स मर-अल्-कैस बर अम्रो मलिक अल्-अरब कुल्लिह'. पहिलाच शब्द 'ती' आणि त्याचा अर्थ 'ही', तोही स्त्रीलिंगी, हे कळल्यावर वर्गातील मराठी मंडळींना जो आनंद झाला तो योगायोगाचा होता, पण त्यामुळे ती ओळ कोणी विसरणार नाही. उर्दूतून आपल्याला ओळखीचा असलेला 'नफ्स' येथे स्मारकशिला या अर्थाने येतो. 'मुलगा' यासाठी मात्र अरबी 'इब्न' नव्हे, तर अरामी 'बर' लिहिलेले आहे, कारण नबाती लेखनाची रूढ भाषा अरामी होती आणि लिहिणाऱ्यांच्या हातून काही ठराविक शब्द सवयीने तसेच उतरत राहिले. 'सर्व अरबांचा राजा' या पदवीतील 'अरब' म्हणजे लोक की एक प्रदेश, यावर मतभेद आहेत, आणि दोन्ही बाजू सरांनी प्रामाणिकपणे मांडल्या.

याच ओळीतील 'अम्रो' पाहून परभणीच्या एका उर्दू शिक्षिका अगदी सरसावून बसल्या. अम्र हे नाव आजही अरबीत आणि उर्दूत शेवटी 'वाव' हे एक अक्षर जोडून लिहितात आणि तो उच्चारत नाहीत; 'उमर' या नावाशी घोटाळा होऊ नये म्हणून तसे करतात, असे त्या आजवर मुलांना शिकवीत आल्या होत्या. नबाती लेखनात पुरुषांच्या नावांना असा 'वाव' सर्रास लागत असे आणि अम्रच्या शेपटीला तो अजून चिकटून राहिला आहे, हे स्पष्टीकरण ऐकल्यावर त्यांनी 'सर, पुन्हा एकदा सांगा' म्हणून ते वहीत उतरवून घेतले.

दुर्दैवाने पुस्तिकेत नमारा लेखाचे रेखाटन उलटे, आरशात दिसावे तसे, छापलेले होते. आम्ही दहा मिनिटे उजवीकडून डावीकडे वाचण्याचा प्रयत्न केला, काहीच जमेना, तेव्हा एका विद्यार्थ्याने पान खिडकीशी धरून मागच्या बाजूने पाहिले आणि लेख सरळ झाला. संस्थेने पुढच्या रविवारी दुरुस्त पान द्यायला हवे होते. ते शेवटपर्यंत मिळाले नाही. वाचनाच्या वर्गात पुस्तिका हेच मुख्य साधन असते, तेव्हा ही चूक किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

लिपीचा प्रवास पाचव्या व सहाव्या वर्गात नीट उलगडला. मदाइन सालेह येथील रकूश या स्त्रीचा इसवी सन २६७ चा कबरलेख, झबद येथील ५१२ चा लेख आणि हर्रान येथील ५६८ चा ग्रीक-अरबी लेख असे टप्पे एकाखाली एक मांडले, की नबाती अक्षरे जोडली जाता जाता अरबी कशी झाली हे डोळ्यांनाच दिसते. पशुपालकांच्या सफाइतिक लिपीत २८ व्यंजनांना २८ स्वतंत्र चिन्हे होती, आणि जी लिपी पुढे टिकली तिच्या मुळाशी मात्र अरामी वळणाची २२ च. त्यातही जोडून लिहिताना ब, त, न, य यांची रूपे एकसारखी झाली. या अडचणीवरचा उपाय म्हणजे नुक्ते, अक्षराच्या वर किंवा खाली दिलेली टिंबे. हिजरी २४ मधील, खलीफा उमर यांच्या मृत्यूचा उल्लेख करणाऱ्या झुहैरच्या शिलालेखात ते काही अक्षरांवर दिसतात. सोयीची लिपी मागे पडली आणि गैरसोयीची टिकली, कारण तिच्यामागे दरबार, पत्रव्यवहार आणि शाई होती. मोडीची गत पाहिलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये.

सातव्या रविवारी येमेन एका तासात उरकले. सबाई ही अरबीहून वेगळी भाषा, तिचे निश्चयवाचक उपपद शब्दाच्या शेवटी येणारा 'न', मारिबचे धरण, हिम्यर राज्य, अब्रहाचा इसवी सन ५५२ चा लेख असे सगळे एकावर एक येऊन पडले आणि माझ्या वहीत त्याचे केवळ शब्द उरले. आठव्या वर्गातील व्यापारावरचे व्याख्यान त्या मानाने हलके होते. पहिल्या शतकातील ज्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठण आणि तेर यांची नावे येतात, तिच्यातच नबात्यांचा राजा मलिखस येतो, हे मात्र मी आवडीने ऐकले. सोकोत्रा बेटावरील होक गुहेत भारतीय खलाशांनी ब्राह्मीत लिहिलेली नावे आहेत, त्यांची छायाचित्रे भिंतीवर मोठी करून दाखवली तेव्हा पितळखोऱ्याच्या लेखातील पैठणच्या गांधिकाची, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याची, आठवण अनेकांना एकदमच आली.

बसण्याची व्यवस्था ठीक होती. वर्ग रोज वीस मिनिटे उशिरा सुरू होत असे, आणि बाहेरगावच्या माणसाला परतीच्या गाडीमुळे ती वीस मिनिटे शेवटी सोडावी लागत. पुढील तुकडीत नाव घालणाऱ्यांनी शुल्क भरण्यापूर्वी पुस्तिका मागून तिचे नमाऱ्याचे पान उघडून पाहावे. येमेनसाठी स्वतंत्र चार रविवार ठेवण्याचा विचार आहे असे संस्थेकडून कळते. तो वर्ग झाला तर मी जाणार आहे, आणि बांधावरचा तो दगडही सोबत नेणार आहे, कारण त्यावरचे चौथे अक्षर मला अजून दुरुस्त करायचे आहे.