तहसीलच्या रेकॉर्ड रूममधील नक्कल सेवा : साथरोगांच्या इतिहासाच्या अभ्यासकासाठी कितपत उपयोगी?

पश्चिम विदर्भातील एका तालुक्याच्या तहसील कार्यालयात जुन्या कोतवाल बुकातील (गावच्या कोतवालाने ठेवलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतील) नोंदींच्या प्रमाणित नकला मिळतात, त्या सेवेविषयी हे लिहीत आहे. या खिडकीपाशी उभे असलेले बहुतेक लोक जात पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांची नोंद शोधायला आलेले असतात. माझे काम त्याच वहीत, पण दुसऱ्या रकान्यात असते. वऱ्हाडातील साथींचा इतिहास हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे आणि मला मृत्यूच्या कारणाचा रकाना हवा असतो. वैद्यकाचा आणि सार्वजनिक आरोग्याचा इतिहास हेच ज्यांना आयुष्याचे काम करायचे आहे, अशा विद्यार्थ्यांना मी मुंबई-दिल्लीच्या ग्रंथालयांच्या आधी तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये पाठवते, म्हणून ही सेवा कशी चालते हे सांगणे मला आवश्यक वाटते.

वरच्या पातळीवरचे कागद आता घरबसल्या वाचता येतात. ब्रिटिश काळातील रोग, लसीकरण आणि आरोग्य प्रशासनाचे अनेक छापील अहवाल एडिंबरोच्या स्कॉटलंड राष्ट्रीय ग्रंथालयाने आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. परंतु त्या अहवालांत जिल्ह्याची बेरीज असते, गाव नसते. शिवाय वऱ्हाडाचा कारभार १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला, १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. त्यामुळे वरिष्ठ कचेऱ्यांच्या कागदपत्रांचा माग काढण्यातच अभ्यासकाचा पुष्कळ काळ जातो. कोतवाल बुके मात्र तालुक्याच्या ठिकाणीच बस्त्यात बांधलेली आहेत. कोणत्या घरात, कोणत्या वयाचे माणूस, कोणत्या तारखेला आणि कशाने गेले, हे सांगणारा याहून जवळचा कागद माझ्या पाहण्यात नाही.

सेवेची चांगली बाजू आधी सांगते. अर्ज साधा आहे. गावाचे नाव, साल आणि नोंदीचा तपशील लिहून त्यावर कोर्ट फी स्टँप लावला की काम पुढे सरकते. रेकॉर्ड सांभाळणारे गृहस्थ आपल्या कामात मुरलेले आहेत. कोणत्या गावाचे बुक कोणत्या रॅकवर आहे, कोणत्या सालाची पाने वाळवीने खाल्ली आहेत आणि कोणते गाव पूर्वी दुसऱ्या परगण्यात मोडत होते, हे त्यांना सूची न उघडता सांगता येते. लाल कापडाची गाठ सोडल्यावर ते वहीचे पान दोन्ही हातांनी उलटतात आणि समोरच्यालाही तसेच करायला सांगतात. बाहेरगावाहून एस.टी.ने आलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते "बसा काका, पाहून देतो" म्हणतात आणि खरोखर पाहून देतात. अशा माणसांमुळेच हे कागद आजवर टिकले आहेत, असे माझे ठाम मत आहे.

अडचण नकलेत आहे. १९१८ चे एक पान उदाहरणादाखल घेते. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि त्यातच इन्फ्लुएंझाची दुसरी लाट आली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा भाग देशात सर्वाधिक मनुष्यहानी झालेल्या प्रांतांपैकी होता. मी पाहिलेल्या वहीत ऑक्टोबरच्या आरंभी नोंदी तुरळक आहेत, नंतर त्या दाट होत जातात आणि अक्षर घाईचे होते. कारणाच्या रकान्यात वरच्या ओळीत 'ताप' लिहिले आहे आणि त्याखाली पान संपेपर्यंत 'सदर', 'सदर', 'सदर'. वयाच्या रकान्यात वीस-तीसच्या घरातील माणसे एकामागून एक येतात, आणि ऐन उमेदीतील माणसे मोठ्या संख्येने दगावणे ही त्या साथीची ओळखच होती. एरवी 'ताप' या नोंदीखाली हिवतापापासून न्यूमोनियापर्यंत सगळे काही जात असे, कारण नोंद करणारा कोतवाल वैद्य नव्हता. म्हणून तापाचा अर्थ लावायचा तर तारखांची दाटी, वय आणि शेजारच्या ओळी एकत्र वाचाव्या लागतात.

नक्कल मात्र एका ओळीची मिळते. नाव, जात, तारीख आणि गाव एवढे छापील नमुन्यात उतरवले जाते. कारणाचा रकाना बहुधा कोराच राहतो, आणि आग्रह धरला तर तेथे 'सदर' असे लिहून मिळते. वरची ओळ नसताना त्या 'सदर'ला काडीचाही अर्थ उरत नाही. जातीच्या पुराव्यासाठी ही नक्कल पुरेशी आहे, यात शंका नाही; पण ज्या माणसाला त्या गावाने १९१८ कसे सोसले हे समजून घ्यायचे आहे, त्याच्या हाती तिच्यातून काहीच लागत नाही. पूर्ण पानाची छायाप्रत मागितली असता "तशी पद्धत नाही" असे उत्तर मिळते. छायाचित्र काढू देत नाहीत, आणि इतरांच्या खासगी नोंदींचे कारण पुढे केले जाते. जिवंत माणसांच्या बाबतीत हे कारण मला मान्य आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या मृत्यूंना ते लावणे मला पटत नाही. नावाचा आणि जातीचा रकाना झाकून उरलेले पान द्यायलाही कोणाची हरकत नसावी.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये अभिलेखांची पाहणी करण्याचा आणि टिपणे घेण्याचा हक्क स्पष्टपणे दिलेला आहे. मी त्याच मार्गाने जाते आणि तो चालतो, पण सावकाश चालतो. पाहणीची वेळ ठरवून मिळते, टेबल खिडकीजवळ मिळाले तर उजेडही बरा असतो, आणि शिसपेन्सिलीने तक्ता आखून पाने उतरवून घेता येतात. या अभ्यासाला मोडी वाचण्याची सवय, रोगांच्या संसर्गाची जाण आणि हिशेबनीसाची चिकाटी या तिन्ही गोष्टी लागतात. विद्यापीठात पहिल्या दोन शिकता येतात, तिसरी अशा टेबलाशी बसूनच अंगी येते. म्हणून त्रास असूनही ही सेवा टाळा, असे मी कोणालाही सांगणार नाही.

जायचे असेल तर निकालानंतरचे महिने टाळावेत, कारण प्रवेशासाठी दाखले काढणाऱ्यांची तेव्हा झुंबड असते आणि त्यांची निकड आपल्यापेक्षा मोठी असते. दिवाळीनंतर गर्दी ओसरते. अर्जात 'नक्कल' एवढेच न लिहिता 'मृत्यूच्या कारणासह सर्व रकाने व लगतच्या ओळी' असे स्पष्ट लिहावे आणि त्याची पोच घ्यावी. जुन्या कागदांची धूळ फार असते, तेव्हा मास्क आणि सुती रुमाल सोबत ठेवावा. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बस्ते पुन्हा बांधले जातात, त्यामुळे सकाळी कार्यालय उघडताच पोहोचावे.