हातात कांडी, कागदावर ‘प्रतिकारशक्ती’

गेल्या पावसात मला डेंग्यू झाला. चवथ तोंडावर आली तरी गणपतीवर बांधायच्या माटोळीला हात लावायचं त्राण नव्हतं. तशात डिचोलीतल्या एका सभागृहात मोफत तपासणी शिबिर लागलं. शेजारीण म्हणाली, “चल गो, फुकट तर आहे.”

रक्त कोणी घेतलंच नाही. नाव, वय, वजन संगणकात घातलं, धातूची कांडी मिनिटभर मुठीत धरायला लावली आणि पानंच्या पानं छापून दिली. व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, थायरॉईड, सगळं लाल. टायवाला मुलगा म्हणाला, “मावशी, डी नाही म्हणून तुमच्या पेशी झोपल्यात. पुढचा डेंग्यू झेपायचा नाही.” ₹9,800 मोजून खोकं घरी आणलं. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई मी! पण डी रोगप्रतिकारक पेशींना लागतं, हे खरंच आहे. मी ते वर्तमानपत्रात वाचलं होतं, म्हणून तर फसले.

खोक्यात व्हिटॅमिन डीच्या 60,000 युनिटांच्या पुड्या होत्या. “रोज एक” असं त्याने स्वतः लिहून दिलं. ही पुडी सहसा आठवड्यातून एकदा घेतात, तीही डॉक्टरांनी सांगितली तर. जोडीला दोन वेळा कॅल्शियमच्या गोळ्या.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात सारखी तहान लागायला लागली. रात्री चार-चार वेळा लघवीला उठणं, पोट साफ नाही, माशांच्या हुमणाच्या वासानेही मळमळ. फोन केला तर म्हणाला, “शरीरातली घाण बाहेर पडतेय, थांबवू नका.” एके दिवशी नातवाचं नाव आठवेना, तेव्हा ह्यांनी सरळ गाडीत घालून नेलं.

रक्तात कॅल्शियम 13.1. साडेदहाच्या आसपास हद्द संपते. डी 150 च्या वर. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं: डी फार झालं की आतडी कॅल्शियम ओढत राहतात. गळ्यातल्या चार इवल्या पॅराथायरॉईड ग्रंथी कॅल्शियम वाढवणारं आपलं हार्मोन जवळजवळ बंद करतात, पण तेवढ्याने आवरत नाही. भार मूत्रपिंडांवर येतो. चार दिवस सलाईन. डी चरबीत साठतं, त्यामुळे पुड्या बंद करूनही कितीतरी महिने रक्त तपासत बसले. डेंग्यूचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, “त्यासाठी पुडी कशाला? घरामागच्या टाकीला झाकण घाला.”

पैशांसाठी फोन लावला, तो बंद. पुढे तेच शिबिर साखळी शहरात लागल्याचं कळलं. हे गेले, टेबलावर माझं नाव आणि वय सांगितलं, “बायकोसाठी आधी मी बघतो” म्हणून कांडी स्वतःच धरली. कोणी हरकत घेतली नाही. अहवालात ह्यांचं गर्भाशय अशक्त निघालं. तो कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे.