१९० की ४९१? ऑस्ट्रेलियात जाणाऱ्या दिव्यांग सेवा अधिकाऱ्यासाठी

१९० आणि ४९१ हे ऑस्ट्रेलियाचे कुशल कामगारांसाठीचे, गुणांवर मिळणारे दोन व्हिसा. कौशल्य मूल्यांकन, इंग्रजीची परीक्षा आणि पंचेचाळिशीच्या आतलं वय दोन्हींना लागतंच. राज्याचं नामांकन (म्हणजे तिथल्या राज्य सरकारने तुमचं नाव सुचवणं) १९० ला लागतंच; ४९१ ला ते किंवा प्रादेशिक भागातल्या पात्र नातेवाइकाचं प्रायोजकत्व चालतं. खरा फरक पुढे आहे.

१९० हा पहिल्या दिवसापासून कायमचा व्हिसा. पण नामांकनाचे गुण फक्त ५. ४९१ ला १५ मिळतात. किमान गुण ६५, त्यामुळे ज्याची नामांकनाआधीची बेरीज ५० वर अडकलीय त्याला १९० चं दारच बंद. अर्थात ६५ झाले म्हणजे व्हिसासाठी अर्ज करायचं निमंत्रण आलंच, असं मुळीच नाही.

४९१ मात्र पाच वर्षांचा, तात्पुरता. राहणं-काम करणं प्रादेशिक भागातच, म्हणजे सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन विसरा. (ॲडलेड आणि पर्थ मात्र ‘प्रादेशिक’ धरतात, हे अनेकांना ठाऊकच नसतं!) तीन वर्षांनी, करनिर्धारणाची कागदपत्रं जोडून, १९१ या कायमच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो.

गुण पुरत असतील तर मी डोळे झाकून १९० म्हणेन. नसतील, तर आणखी दोन-चार गुणांसाठी वर्षं घालवत बसू नका. वय वाढलं की बत्तिशीनंतर वयाचेच गुण घटतात: २५ ते ३२ पर्यंत ३०, ३३ ला २५, चाळिशीला १५.