बॅग हातात ठेवावी की विमानाच्या पोटात द्यावी?

दीड-दोन महिन्यांनी एकदा नाशिकहून दिल्लीला जाणं होतं. जमलं तर नाशिकच्याच ओझर विमानतळावरून, नाहीतर मुंबईहून. पाच-सहा वर्षं मी फक्त हातातली बॅग घेऊन फिरलो. सात किलोत सगळा संसार बसवतो, याची थोडी फुशारकीही मारायचो. गेलं वर्षभर मात्र बॅग काउंटरवर देतो. परवा भाच्यानं विचारलं, "मामा, नक्की काय बरं पडतं?" फोनवर अर्धवट सांगितलं, ते जरा सविस्तर लिहितो. किती किलो चालतं वगैरे तिकिटावर छापलेलं असतं, ते सोडून देतो.

हातातल्या बॅगेचं सुख एकच, पण मोठं आहे. उतरलं की सरळ बाहेर. रात्री साडेदहाला मुंबईत उतरून कसारा घाट चढायचा असेल, तर पट्ट्यापाशी ताटकळण्यात गेलेला अर्धा तास पहाटेपर्यंत जाणवतो. ओझरला तेवढा फरक पडत नाही. टर्मिनल आटोपशीर आहे, माझी बॅग तरी पाणी पिऊन येईपर्यंत आलेली असते. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

आता तपासणीचं. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आमच्या कंपूत यावर ठरलेली भांडणं आहेत. एक गट म्हणतो, हे सगळं नाटक आहे, अतिरेकी काय लोणच्याची बरणी घेऊन येणार आहे? दुसरा गट म्हणतो, अंगावरचा शर्ट काढायला लावला तरी काढू. मी मधला. कारण दोन्ही बॅगांची किंमत आपण मोजलेली आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब पोटातल्या सामानात होता. व्हँकुव्हरला ती बॅग चढली, बॅगवाला चढलाच नाही. त्याच दिवशी अशीच दुसरी बॅग टोकियोच्या नारिता विमानतळावर फुटली आणि सामान हलवणारे दोन कामगार मेले. आज एखादा प्रवासी गेटवर आला नाही की त्याची बॅग शोधून खाली उतरवतात आणि आपण आत बसून चडफडतो. मला मात्र सगळ्या नियमांत हाच सर्वांत भरवशाचा वाटतो. त्याला कुणाच्या चेहऱ्याशी, आडनावाशी देणंघेणं नाही. माणूस नाही तर बॅग नाही.

हातातल्या बॅगेची गोष्ट कंदाहारची. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या विमानात पाच जण हत्यारं घेऊन प्रवासी म्हणूनच चढले होते. विमान पळवून त्यांनी अफगाणिस्तानातल्या कंदाहारला नेलं. आठवडाभरानं तुरुंगातले तीन अतिरेकी सोडून प्रवासी परत आणावे लागले. त्यानंतर, २००० पासून, आधी जयपूर आणि मग एकेक करत विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेले. हातातल्या बॅगेच्या कागदी टॅगवर शिक्का मारायचे, आठवतं? तो नसला की गेटवरून परत पळायचं. २०१७ च्या एप्रिलपासून दिल्ली-मुंबईसह सात विमानतळांवर तो बंद झाला, आणि काही आभाळ कोसळलं नाही. म्हणजे नाटकवाल्यांचंही थोडं खरं आहे.

माझा पक्ष बदलला तो ट्रेपायी. बॅगेतून काय काढून ट्रेमध्ये ठेवायचं, याचं उत्तर मला प्रत्येक ठिकाणी वेगळं मिळालंय. कुठे नुसता लॅपटॉप, कुठे चार्जरसुद्धा, कुठे छत्री आणि पट्टा. मागचा माणूस ढकलत असतो आणि आपण एका हातानं पँट सावरत वायरी सोडवत असतो.

त्यातच एकदा एका मोठ्या विमानतळावर सगळ्यांच्या बॅगा सरळ आल्या आणि माझी वळून पलीकडच्या पट्ट्यावर गेली. "ये किसका है?" आधी वायरींचा गुंता निघाला, मग दाढीचं सामान, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्टीलचा डबा. झाकणावर बहिणीचं नाव कोरलेलं, आत तिनं सटाण्याहून पाठवलेला काळा मसाला. जवानानं झाकण उघडून वास घेतला आणि लागोपाठ तीन शिंका दिल्या. "मिर्ची है, हाथ में नहीं जाएगा." चूक त्याची नव्हती. तिखट डोळ्यांत फेकता येतं, हे मलाही कळतं. परत जाऊन बॅग काउंटरवर द्या म्हणाला, पण वेळ कुठे होता? मसाला कचऱ्यात ओतला आणि डबा परत मागून घेतला. दिल्लीपर्यंत त्या रिकाम्या डब्याचा घमघमाट सुटला होता. शेजारचे गृहस्थ दोनदा माझ्याकडे बघून गप्प बसले.

पोटातली बॅगही सोवळी नाही. पॉवर बँक तिच्यात चुकूनही ठेवू नये. लिथियमची बॅटरी खाली पेटली तर कुणाला दिसणार? ती हातातच हवी. वीस हजार एमएएचवाली चालते, त्याहून मोठी घेणार असाल तर तिच्यावर लिहिलेले वॉट-तास बघा, शंभरच्या आत हवेत. मी एकदा विसरलो होतो, तर नाव पुकारून बोलावलं. पूजेच्या खोबऱ्याच्या वाट्या दोन्हीकडे चालत नाहीत, तेलकट म्हणून त्या ज्वलनशील मालात मोजतात. उलट दिल्लीचे मित्र हमखास मागतात ती नाशिकची वाइन घरून हातात नेता येत नाही. पोटात मात्र सीलबंद बाटली टॉवेलात गुंडाळून सुखरूप जाते.

तेव्हा भाच्या, एका रात्रीचं काम असेल आणि परतताना मुंबईत उतरणार असशील, तर हातातलीच बॅग घे, मी वाद घालणार नाही. पण आईनं काही बांधून दिलं असेल, आणि ती देणारच, तर मुकाट्यानं काउंटरवर दे. तिला सांग, डबा माझ्याकडे आहे, दिवाळीला येताना घेऊन येतो.