नंबर उशिरा लागतो, पण पोराचं ऐकून घेतात

मिरजेच्या लहान मुलांच्या मेंदू-नसांच्या दवाखान्याला पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

तासगावच्या बाजूला आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. धाकटा चौथीत, वय नऊ. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्याचं डोकं दुखायला लागलं. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. दोन्ही हातांनी कपाळ धरायचा, तोंड पांढरंफटक, मग एक उलटी, मग अंधाऱ्या खोलीत गोधडी डोक्यावर घेऊन झोप. दोन-तीन तासांनी उठला की भाकरी मागायचा आणि सायकल काढायचा. हे उठून सायकल काढणंच त्याच्या अंगाशी आलं. ‘नाटकं करतोय’ असं घरात सगळ्यांचं ठरलं. मी तर एकदा चांगलाच ओरडलो त्याच्यावर.

इथे येण्याआधी आम्ही बरंच फिरलो होतो. एका चष्म्याच्या दुकानात पाव नंबर निघाला, बाराशेचा चष्मा झाला, फरक शून्य. एका डॉक्टरांनी सायनस सांगून वाफ आणि गोळ्या दिल्या. दुसऱ्या ठिकाणी तर तपासायच्या आधीच सीटी स्कॅनची चिठ्ठी हातात. आमच्या आईने मीठ-मोहरीने दृष्ट काढली, सुंठीचा लेप लावला. लेपाने कपाळ तेवढं लाल झालं. शेवटी गावातल्या मुलांच्या डॉक्टरांनी मिरजेच्या या दवाखान्याचा पत्ता दिला. लहान मुलांच्या मेंदूचे आणि नसांचे डॉक्टर वेगळे असतात हे मला तेव्हा कळलं.

आता तारा कापल्याचं कारण. अकराचा नंबर होता, आत गेलो एक वाजता. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर कार्टून मोठ्या आवाजात, एक ट्यूबलाइट सारखी फडफडतेय आणि कोपऱ्यात गुलाबाच्या वासाचा फवारा. डोकं दुखणारी पोरं जिथे येणार तिथे उजेड, आवाज आणि वास तिन्ही हजर! आमचा मुलगा आईच्या पदरात तोंड खुपसून बसला. काउंटरवरच्या ताईंना सांगितलं तर त्यांनी आवाज कमी केला, पाच मिनिटांत पुन्हा होता तसा. जाताना मुलासाठी डबा आणि पाणी न्या. उपाशी बसवलं तर दुखणं तिथेच सुरू होईल.

आत मात्र चाळीस मिनिटं. डॉक्टर मॅडमनी आधी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुलाला कागद-पेन्सिल दिली, म्हणाल्या, “दुखतं कसं, ते काढून दाखव.” त्याने कपाळावर बागेतला औषध फवारायचा ब्लोअर काढला. “असा धडधडतो,” म्हणाला. माझ्या मनात लगेच, बघा, औषधाच्या वासाचंच आहे हे. ऑक्टोबर छाटणीनंतर आमच्याकडे एकसारखी फवारणी असते आणि दुखणं सुरू झालं तेही तेव्हाच.

मग रक्तदाब, वजन, टेपने डोक्याचा घेर, गुडघ्यावर हातोडी, एका रेषेवर टाचेला चवडा लावून चालायला लावलं. शेवटी एका बारक्या दिव्याच्या यंत्राने डोळ्यांत बराच वेळ बघितलं. डोक्यातला दाब वाढला असेल तर डोळ्यामागच्या नसेला सूज दिसते, ती इथे नाही, असं समजावलं. तपासणीत सगळं ठीक आहे, म्हणून आत्ता स्कॅन नको. पण झोपेतून डोकेदुखीने जाग आली, सकाळी उठताच उलट्या होऊ लागल्या, चालताना तोल गेला, एकाचे दोन दिसले, झटका आला, तापाबरोबर मान ताठरली किंवा दुखणं दिवसेंदिवस वाढत गेलं तर नंबरबिंबर न बघता यायचं. ही यादी आम्ही देवघराच्या भिंतीला चिकटवली आहे.

“घरात आणखी कोणाचं डोकं दुखतं?” मी म्हटलं, कोणाचं नाही. पोरगा म्हणाला, “आजी फडकं बांधून झोपते की.”

निदान झालं मायग्रेन, म्हणजे आपली अर्धशिशी. मी म्हटलं, अर्धशिशी तर अर्ध्या डोक्यात असते, याचं पूर्ण कपाळ दुखतंय. मुलांमध्ये बऱ्याचदा दोन्ही बाजूंना दुखतं आणि दोन तासांतही थांबू शकतं, असं त्या म्हणाल्या.

एवढ्या लांबून आलोय, रोजची एखादी गोळी तरी द्या, असा हट्ट मी धरला. त्यांनी 2017 सालच्या अमेरिकेतल्या एका अभ्यासाचं सांगितलं. मुलांना रोज द्यायची दोन नेहमीची औषधं आणि तिसऱ्या गटाला नुसती खोटी गोळी. तिन्ही गटांत निम्म्याहून जास्त मुलांना बरं वाटलं आणि त्रास मात्र खऱ्या औषधांचा जास्त झाला. म्हणून आधी जेवण, झोप, पाणी आणि एक वही. सातशे रुपये फी देऊन वही लिहायला सांगतात! परतीच्या एसटीत मी बायकोशी बोललो नाही.

वही शंभर पानी, लिहायची मुलानेच. तारीख, किती वाजता, काय खाल्लं, किती झोपला, दहापैकी किती दुखलं. सहा आठवड्यांनी ती वही मी माझ्या फवारणीच्या वहीशेजारी ठेवली. तारखा जुळेनात. जुळला तो शनिवार. नऊपैकी बहुतेक वेळा शनिवारच. शनिवारी सकाळची शाळा, शुक्रवारी रात्री जागरण, पहाटे अर्धा कप चहावर बाहेर, आणि दुपारी बाराला घरी येताना डोकं. शनिवारची दुपार म्हणजे पोराची क्रिकेटची वेळ. शाळा सुटल्यावर, क्रिकेट बुडवून कोण नाटक करेल? हे आधी बायकोच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

आता शुक्रवारी साडेनऊला दिवा बंद, शनिवारी दूध-भाकरी खाल्ल्याशिवाय दप्तर नाही. मधल्या वेळेत केळं खायला शाळा नको म्हणत होती, मॅडमच्या चिठ्ठीने ते सुटलं. दुखायला लागताच वजनाप्रमाणे सांगितलेली गोळी द्यायची, वाट बघत बसायचं नाही. पण आठवड्यात दोन दिवसांच्या वर नाही, नाहीतर गोळीनेच डोकं दुखायला लागतं. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही. गेल्या दोन महिन्यांत तीनदा दुखलं. गेलंय असं नाही.

आणखी एक तक्रार: सूचनांचा कागद सगळा इंग्रजीत आहे, तो मराठीत छापा. आणि दुपारी फोन उचलत जा.

दुसऱ्या वेळी मुलाने वही स्वतः मॅडमच्या हातात दिली. आता माझी आई म्हणते, मलाही तिथेच ने. विचारून बघितलं, मोठ्यांना घेत नाहीत.